एकही शब्द गाळायचा नाही

आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी आशेवर बसायला नको. कन्फेशनमध्ये कोण काय बोललं ते मी सांगणार नाही. मेले तरी नाही. माझी आई त्याला कुमसार म्हणते आणि कुमसारातली गोष्ट बाहेर फोडणाऱ्याचं काय होतं ते वसईत आम्हाला शाळेत जायच्या आधीपासून पढवलेलं असतं. तेव्हा जेवढं सांगता येतं तेवढंच सांगते.

मी नीलिमा परेरा. राहते उरायासुला, नोकरी टोकियोत, एका ट्रेडिंग कंपनीत. चिली आणि पेरूहून तांबं येतं, त्याच्या मागे-पुढे जी काही बोलणी, भांडणं, मनधरणी होते ती मी करते. स्पॅनिश पुण्यात शिकले, जपानी इथे येऊन. दोन्ही भाषांत मला ताडताड बोलता येतं आणि मराठीत तर काय विचारूच नका, असं माझा नवरा हरीश म्हणायचा.

हरीश मागच्या वर्षी फेब्रुवारीत गेला. सकाळी ऑफिसला निघाला, स्टेशनवर छातीत कळ आली, संपलं. मी रडले नाही. हे काही अभिमानाने सांगत नाहीये. रडू आलंच नाही. नगरपालिकेतली सगळी कामं मी एका फेरीत उरकली, तिथली बाई म्हणाली, तुमचे कागद किती व्यवस्थित आहेत हो. आमचं इंग्लिश मिस्साचं, म्हणजे इंग्रजीतल्या रविवारच्या उपासनेचं, चर्च होतं, तिथली मंडळी आणि टोकियोच्या एदोगावा भागातली मराठी मंडळी डबे घेऊन यायची, आणि डबा ठेवून माझ्या डोळ्यांकडे बघत बसायची, कुकरच्या शिट्टीची वाट बघतात तशी. शिट्टी काही होईना. मग 'नीलिमा किती खंबीर' असं सुरू झालं. खंबीर कसली डोंबलाची! आत काही नव्हतंच. जेवणाला चव नव्हती, रागालासुद्धा पूर्वीची धार नव्हती, आणि माझ्या रागाला धार नाही म्हणजे काय हे माझ्या सासरी विचारा.

तेवढ्यात धर्मप्रांताच्या कार्यालयातून फोन आला. स्पॅनिश बोलणाऱ्यांसाठी एक मेक्सिकन फादर होते, ते किडनीच्या दुखण्यामुळे मायदेशी परतले होते. दुसरा कुणी मिळत नव्हता. तुमचं नाव भाषा येणाऱ्यांत आहे, मदत कराल का? मी हो म्हटलं. भक्ती वगैरे काही नाही. रविवारची दुपार कुठेतरी घालवायची होती, आणि जिथे मला कुणी ओळखत नाही अशी जागा हवी होती. अंगठी बोटात होतीच. नवरा घरी झोपत असेल रविवारचा, असं लोक समजले आणि मी समजू दिलं.

ते चर्च चिबातल्या कारखान्यांच्या वस्तीत आहे. सकाळी जपानी मिस्सा, दुपारी आमची. येणारे बहुतेक पेरूचे. आजे-पणजे जपानहून तिकडे गेले म्हणून या लोकांना तीसेक वर्षांपूर्वी इकडचे व्हिसा मिळाले, आणि मग गाड्यांचे सुटे भाग, ओबेंतो म्हणजे जेवणाचे तयार डबे भरणं, कोळंबी सोलणं, असली कामं करत ते म्हातारे झाले. मिस्सा सांगायचे कोन्दो फादर. सत्तरीचे, उंच, सतत सर्दी झालेले. त्यांना स्पॅनिशचा गंध नाही. अख्खी मिस्सा जपानी काताकाना लिपीत लिहून घेतलेली, ती ते वाचायचे. कुठे थांबायचं तेही कळायचं नाही, त्यामुळे देवाचं नाव अर्ध्यात तुटायचं आणि पुढच्या श्वासात पूर्ण व्हायचं. लोक निमूट 'आमेन' म्हणायचे. प्रवचन ते जपानीत करायचे, मी स्पॅनिशमध्ये सांगायची. आणि मिस्साच्या आधी कन्फेशन.

दुभाष्यामार्फत कन्फेशन करता येतं हे मलाही ठाऊक नव्हतं. फादरनी समजावलं: चालतं, फक्त माझ्यावर जे गुप्ततेचं बंधन तेच तुमच्यावर, परेरा-सान. वेदीमागच्या खोलीत तीन खुर्च्या. मी भिंतीकडे तोंड करून बसायची. समोरचा 'मी' म्हणाला की मीही 'मी' म्हणायचं, 'ते म्हणतात की' असलं मध्ये काही नाही, हा फादरचा आग्रह होता. त्यामुळे दर रविवारी मी चोऱ्या केल्या, नवऱ्याला फसवलं, आईला वृद्धाश्रमात टाकलं, पोराला मारलं. सगळं एका सुरात. फादर एकदा म्हणाले, तुम्ही फार चांगलं काम करता, तुमचं स्वतःचं काही मध्ये येतच नाही. मी मनात म्हटलं, असायला तर हवं ना काही.

आता सेन्योरा एउसेबिया. नवरा ओकिनावाच्या वंशाचा, आडनाव हिगा, बारा वर्षांपूर्वी वारलेला. ती स्वतः मात्र पेरूच्या डोंगरातली, जपानी रक्ताचा थेंब नाही. ठेंगणी, रुंद, करड्या दोन वेण्या. ओबेंतोच्या कारखान्यात जन्म गेला. मिस्सानंतर ती तामाल विकायची, मक्याच्या पिठाचे, केळीच्या पानात बांधून उकडलेले. पहिल्यांदा तिने पान सोडलं तेव्हा वाफेला आमच्या वसईच्या पानग्यांचा वास आला. मला काहीतरी वाटायला हवं होतं. मी दोन घेतले आणि ट्रेनमध्ये उभ्याने खाल्ले.

ही बाई माझ्यावर पहिल्याच महिन्यात उखडली. कन्फेशन झाल्यावर बाहेर मला दंडाला धरून म्हणाली, "ए पोरी, मी एवढी बोलले आणि तू एवढ्यात संपवलंस? बाकीचं काय खाल्लंस?"

"सेन्योरा, जपानीत थोडक्यात होतं."

"थोडक्यात पापं करत नाही मी. एकही शब्द गाळायचा नाही. अडखळले तर अडखळायचं. तेच तेच बोलले तर तेच तेच बोलायचं. कळलं?"

"मग तुम्हीच बोला की जपानीत! तीस वर्षं झाली इथे."

"मला 'लवकर', 'हात धुवा' आणि 'आज ओव्हरटाइम आहे' एवढं येतं. यात कन्फेशन करून दाखव बरं."

 तिची मुलगी येसेनिया दोन्ही भाषा फाडफाड बोलायची, पण आईची पापं पोटच्या पोरीकडून कशी सांगवणार? तेव्हा मीच. त्या दिवसापासून मी तिचा शब्दन् शब्द मोजून द्यायला लागले. खोकलासुद्धा दिला असता.

घरी वेगळंच. माझी मुलगी, नाव पूर्वी, तेरा वर्षांची. मी मराठीत विचारायचं, तिने जपानीत उत्तर द्यायचं, असं आमचं आधीपासूनच होतं. हरीश गेल्यावर उत्तरं आखूड झाली. एका रविवारी मी बूट घालत होते तेव्हा ती म्हणाली, "आई, तिकडे तरी बोलतेस का गं?" आणि हे मराठीत म्हणाली. मी म्हटलं, "तिकडे फक्त बोलतेच." ती आत निघून गेली. मला ट्रेन गाठायची होती.

नोव्हेंबरात कंपनीने कळवलं, मार्चअखेर मुंबईला परत. मी फादरना सांगितलं, त्यांनी नाक पुसून 'असं का' म्हटलं. एउसेबियाला मात्र ते झोंबलं. तामालची टोपली आवरता आवरता म्हणाली, "म्हणजे मला मार्चच्या आत मरायला हवं."

"काहीतरीच काय बोलता!"

"खरं तेच. माझं एक सांगायचं राहिलंय. शेवटी सांगणार म्हणून ठेवलंय. ते तूच सांगायचंस."

"मग पुढच्या रविवारी सांगा ना. मोकळ्या व्हा."

"आणि नंतर दर रविवारी या फादरला तोंड कसं दाखवू? त्याला माझे तामाल आवडतात. ते ऐकल्यावर त्याच्या घशाखाली घास उतरायचा नाही." ती हसली, पण लगेच हसू आवरलं. "चेष्टा नाही, पोरी. चाळीस वर्षं झाली. पाच फादर झाले, कुणाला सांगितलं नाही. ते न सांगता गेले तर तिकडे दारातच अडवतील मला."

"देवाला माहीत असेलच की."

"त्याला माहीत आहे हे मलाही माहीत आहे. मला ते तोंडाने बोलायचंय, आणि समोरच्याने ऐकायचंय. तू येशील ना?"

येईन म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मनात एवढंच आलं की मार्चमध्ये सामानाचे पॅकर्स कधी बोलवायचे. अशी झाले होते मी.

फेब्रुवारीत ती पडली. मेंदूत रक्तस्राव. येसेनियाचा फोन आला तेव्हा मी चिलीतल्या सान्तियागोच्या लोकांबरोबर मीटिंगमध्ये होते. "नीलिमा, डॉक्टर म्हणतात आज किंवा उद्या. फादर निघालेत. शेवटी तूच हवीस असं ती म्हणाली होती ना?" मी हेडफोन काढला, बॉसला 'इमर्जन्सी' म्हटलं आणि निघाले. मीटिंग अर्ध्यात सोडायची माझी ही पहिलीच वेळ. हरीशच्या वेळी मीटिंग नव्हती.

हॉस्पिटलात पोचले तेव्हा दुपारचं जेवण वाटत होते, कॉरिडॉरभर मिसो सूपचा वास. येसेनिया दाराबाहेर उभी होती, कारखान्याच्याच कपड्यांत, केसांवर जाळी तशीच. फादर आत खुर्चीवर, गळ्यात जांभळी पट्टी, मांडीवर शेवटच्या विधीच्या तेलाची डबी.

"शुद्धीवर आहे," येसेनिया म्हणाली. "बोलतेय. पण काल रात्रीपासून स्पॅनिश बोलतच नाही."

"मग?"

"डोंगरातली भाषा. केचुआ. लहानपणची. आम्हाला तिने कधी शिकवलीच नाही. म्हणायची, त्या भाषेपायी शाळेत मार खाल्लाय, तुम्हाला कशाला. मला एक शब्द कळत नाही गं." आणि ती भिंतीला टेकून रडायला लागली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. माझ्या खांद्यावर लोक ठेवायचे तसाच.

आत गेले. एउसेबियाचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, एक डोळा मिटलेला. वेण्या कुणीतरी सोडल्या होत्या. उघड्या डोळ्याने तिने मला ओळखलं, अगदी स्पष्ट ओळखलं, आणि चांगला हात माझ्याकडे केला. मी तो धरला. येसेनियाने बाहेरून दार लावलं आणि एउसेबिया बोलायला लागली.

मी ऐकलं. घशातून येणारे खरखरीत आवाज, मध्येच टाळ्यावर आपटणारे, लांबलचक शब्द. स्पॅनिशमधलं काही सापडेना. ती थांबली, माझ्याकडे बघितलं, मग फादरकडे. नेहमी अशीच थांबायची, माझं सांगून होईपर्यंत.

फादर म्हणाले, "काय म्हणाल्या?"

"कळत नाही, फादर. ही स्पॅनिश नाही. तिच्या गावची भाषा आहे."

"असं का." त्यांनी नाक पुसलं. "काही हरकत नाही, परेरा-सान. मरणाच्या दारातल्या माणसाला न ऐकताही पापक्षमा देता येते. तशी मुभा आहे. देवाला सगळं कळतं."

आणि मला राग आला. इतक्या महिन्यांनी, सणकून. देवाला कळतं तर तीन खुर्च्या कशाला मांडल्या होत्या? मला इतक्या रविवारी कशाला ट्रेन बदलायला लावल्या? ही बाई चाळीस वर्षं ते पोटात धरून बसली, कुणीतरी ऐकावं म्हणून, आणि आता तुम्ही 'मुभा आहे' म्हणून डबी उघडणार?

"तिला चालणार नाही," मी म्हटलं. "तिला ते तुमच्या कानावर घालायचंय. एकही शब्द गाळायचा नाही असं तिने मला बजावलंय."

"पण तुम्हाला कळत नाही."

"तुम्हाला तरी कुठे स्पॅनिश मिस्सा कळते? वाचताच ना!"

हे मी जपानीत, सत्तरीच्या धर्मगुरूला बोलले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग डबी बाजूला ठेवली, हात गुडघ्यांवर ठेवले आणि मान खाली घातली. "सांगा," म्हणाले.

मी एउसेबियाकडे वाकले आणि बोटाने खूण केली, थोडं थोडं, हळू. तिला कळलं. ती एक तुकडा बोलली. मी तो जसा ऐकला तसा फादरना म्हणून दाखवला. माझ्या तोंडात तो धड बसला नाही. तिने डोळ्याने नाही म्हटलं, परत बोलली, मी परत म्हटलं. मग तिने पुढचा तुकडा दिला. असं सुरू झालं. ती बोलायची, मी बोलायची, फादर दर वेळी मान हलवायचे. ती अडखळली तिथे मी अडखळले. तेच तेच बोलली तर तेच तेच बोलले. एक शब्द पुन्हा पुन्हा येत होता. तो आला की ती माझी बोटं दाबायची. तो मी इथे लिहिणार नाही. कुणाचं नाव असलं तर? हल्ली मोबाइलवर कुठल्याही भाषेतला शब्द शोधता येतो. मी शोधलेला नाही, शोधणारही नाही.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मध्येच कधीतरी माझ्या लक्षात आलं की माझा आवाज फुटतोय. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, हनुवटीवरून खाली चादरीवर. मी काय बोलतेय ते मला ठाऊक नव्हतं आणि मी ढसाढसा रडत होते. दर रविवारी इतक्या जणांची दुःखं मी नीट समजून, नीट सांगितली, पापणी हलली नाही. आणि हे एक अक्षर न कळणारं बोलताना मला श्वास पुरेना. तरी थांबले नाही. हुंदका आवरायचा, शब्द द्यायचा, पुन्हा हुंदका.

शेवटी ती थांबली. फादर उठले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि पापक्षमेचे शब्द म्हटले. कपाळावर, हातांवर तेल लावलं. एउसेबियाने डोळा मिटला. चेहऱ्याची चांगली बाजू सैल पडली. मला वाटलं गेली. पण तिने डोळा परत उघडला, माझ्याकडे बघितलं, आणि स्पॅनिशमध्ये, तोंडाच्या कोपऱ्यातून, म्हणाली,

"सगळं?"

"सगळं, सेन्योरा."

"मग तू का रडतेस?"

माझ्या तोंडातून जे निघालं ते मी ठरवलेलं नव्हतं. "माझा नवरा गेला," मी म्हटलं. "स्टेशनवर. एकटाच होता. मी तिथे नव्हते." हे मी तोवर कुठल्याच भाषेत बोलले नव्हते.

तिने माझी बोटं दाबली. फादर माझ्याकडे बघत होते, काय चाललंय ते मी सांगायची वाट बघत. मग सवयीने मी त्यांच्याकडे वळले आणि तेच जपानीत म्हटलं. "माझा नवरा गेला. स्टेशनवर. एकटाच होता. मी तिथे नव्हते."

फादरनी समजूतदारपणे मान हलवली, एउसेबियाकडे वळले, हात जोडले आणि तिच्या नवऱ्यासाठी, दिवंगत हिगा-सानसाठी, प्रार्थना म्हणायला सुरुवात केली.

"नाही, फादर," मी म्हटलं. "हे तिचं नाही. हे मी बोलतेय."